मुद्रा आणि तोतये

1989 साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे खेळयंत्र बाजारात आणले. त्याच्या पोटात अवघ्या 256 बाइटांची एक आज्ञावली कायमची कोरलेली होती. यंत्र सुरू केले की ती प्रथम कॅसेटमधले (खेळाच्या त्या चौकोनी डबीला आपल्याकडची मुले कॅसेटच म्हणत) 48 बाइटांचे बोधचिन्ह वाचून पडद्यावर उतरवी, आणि मग ते स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून पाही. एक ठिपका जरी चुकला तरी यंत्र जागच्या जागी थिजे.

वरवर पाहता हा पहारा काही फार भक्कम नव्हे. 48 बाइट कोणीही उतरवून घेईल. पण मेख निराळीच होती. जो ते चिन्ह उतरवील तो दुसऱ्याची व्यापारमुद्रा वापरल्याच्या आरोपात आपोआप सापडावा, असा हा डाव होता. कुलूप यंत्रात आणि चौकीदार कोर्टात! तैवानच्या साचेन कंपनीने यावर काढलेली तोड वाचून मला तर हसू आवरेना. यंत्र चिन्ह दोनदा वाचते, हे तिथल्या कारागिरांनी हेरले होते. पडद्यासाठी वाचताना त्यांची कॅसेट स्वतःचे नाव पुढे करी आणि पडताळणीच्या वेळी निन्टेन्डोचे.

अशाच मुद्रेचा वाद सेगा आणि अ‍ॅकोलेड या कंपन्यांत झाला होता. 1992 मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने अ‍ॅकोलेडच्या बाजूने कौल दिला. मुद्रेवाचून खेळ चालूच नये अशी व्यवस्था सेगाने केली, तेव्हा त्यातून होणाऱ्या गैरसमजाचे खापरही न्यायालयाने तिच्याच माथी फोडले. मला हा निवाडा रास्त वाटतो. अ‍ॅकोलेड खेळ चोरीत नव्हती. स्वतः रचलेले खेळ विकीत होती.

2004 साली ‘डीएस’ आले आणि नुसत्या मुद्रेवर भागेना. यंत्र व कॅसेट यांच्यात सांकेतिक भाषेत सवालजवाब सुरू झाले. ‘आर-फोर’ नावाच्या कॅसेटीला ते सवालजवाब पाठ होते. आपण परवान्याचा साधा खेळच आहोत अशी बतावणी करून ती आत शिरे आणि मग नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावरचे हवे ते चालवी. कंपनीने यंत्राची आज्ञावली सुधारली की जुने तोतये ओळखू येत. थोड्याच दिवसांत नवे हजर होत. 2009 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्यांच्या विक्रीस मनाई केली आणि 2010 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानेही तीच वाट धरली. त्याच वर्षी निघालेल्या मायकेल जॅक्सनच्या खेळात तर अशी योजना होती की, चोरट्या प्रतीत गाण्यावर व्हुवुझेलाचे भोंगे वाजत!

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माझ्या पुस्तकाच्या पानांचे फोटो मोबाइलवरून फिरताना पाहिले असल्यामुळे फुकट्यांविषयी मला कळवळा नाही. पण याच कॅसेटीवर हौशी मुले स्वतः रचलेले खेळ चालवीत, हेही खरे. शिवाय 27 मार्च 2023 रोजी निन्टेन्डोने ‘थ्री-डीएस’चे आपले ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा 2010 पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात मिळेनासे झालेले आढळले. त्यांतला एखादा कुणाला आज अभ्यासासाठी पाहावयाचा झाला, तर एक तर जुन्या बाजारात नशीब काढावे लागते, नाही तर कुणीतरी परवानगीवाचून उतरवून ठेवलेली प्रत शोधावी लागते.