आस्कोवच्या फुटक्या काचा

‘हरित हायड्रोजन’ हा शब्द आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेनंतर सर्वतोमुखी झाला. पण वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवण्याचा खटाटोप सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

डेन्मार्कमधील आस्कोव या खेड्यातल्या लोकविद्यालयात पॉल ला कूर (१८४६–१९०८) शिकवत. १८९१ साली त्यांनी तेथे पवनचक्कीला डायनामो जोडला. वारा रोज सारखा वाहत नाही, म्हणून मिळेल त्या विजेने हायड्रोजन काढून टाकीत भरून ठेवायचा, ही त्यांची योजना. १८९५ ते १९०२ या काळात विद्यालयात याच वायूचे दिवे जळत. मात्र हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन शिरून स्फोट होत आणि खिडक्यांच्या काचा पुनःपुन्हा बसवाव्या लागत.

हा तपशील सहसा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. मला तो या इतिहासाचा गाभा वाटतो. दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून थोडा झिरपा होतोच. वीज भरपूर असताना वायूही भरपूर तयार होतो आणि त्यात हा झिरपा नगण्य ठरतो. वीज कमी पडली की वायूचे उत्पादन घटते, झिरपा मात्र फारसा घटत नाही. साहजिकच भेसळीचे प्रमाण चढते. हायड्रोजनमधला ऑक्सिजन ६ टक्क्यांच्या आसपास गेला, की एक ठिणगी पुरते. दोन्ही वायूंना ना रंग, ना वास.

२३ मे २०१९ रोजी दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे सौरविजेवरील प्रयोगातली हायड्रोजनची टाकी फुटली. दोघे दगावले, सहा जखमी झाले. तपासात टाकीतला ऑक्सिजन ६ टक्क्यांहून अधिक असल्याचे निष्पन्न झाले. आस्कोवचाच दोष, फक्त टाक्या मोठ्या.

म्हणून किती हायड्रोजन बनला, या प्रश्नाआधी तो किती शुद्ध आहे, हे विचारले पाहिजे. टाकीच्या तोंडाशी ऑक्सिजनमापक हवा, प्रत्येक घटाचा व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजला जावा, आणि वीज ठरावीक पातळीखाली गेली की यंत्र आपोआप थांबावे. आस्कोवला हा धडा काचांवर निभावला, गांगनुंगला माणसे गेली. आपले प्रकल्प आता कुठे उभे राहत आहेत. धडा आधीच गिरवण्याची संधी आपल्याला आहे.