सहा दिवस आणि अठ्ठेचाळीस वर्षं

परवा ऑफिसात एका स्क्रीनवरून तासभर वाद झाला. बटण वर हवं की खाली? शेवटी आमचा लीड वैतागून म्हणाला, "अरे, ए-बी टेस्ट लावा आणि गप्प बसा!" लावली. पाच दिवसांत उत्तर आलं. आणि मग... काहीच बदललं नाही. रिलीज गेला तो साहेबांना आवडलेल्या डिझाइनचाच. घरी येताना मला जेम्स लिंड आठवला.

लिंड हा ब्रिटिश नौदलातला सर्जन. त्या काळी लांबच्या सफरीत खलाशी लढाईपेक्षा स्कर्व्हीनेच जास्त मरायचे. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, उपाय मात्र प्रत्येकाकडे होता. (आपल्या मीटिंगसारखंच!)

मे १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर लिंडने १२ रुग्ण निवडले, शक्य तितके सारख्या अवस्थेतले. जागा एक, जेवण एक. मग दोन-दोनच्या सहा जोड्या पाडल्या. एका जोडीला सायडर, दुसरीला पातळ केलेलं सल्फ्युरिक अॅसिड (हो, खरंच!), तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला लसूण-मोहरी वगैरेंची गोळी आणि सहावीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर फळं खाणाऱ्यांपैकी एक जण जवळजवळ कामावर जाण्याइतका बरा झाला होता.

आणि सगळ्या नौदलात लिंबाचा रस द्यायचं ठरलं कधी? १७९५ मध्ये. म्हणजे ४८ वर्षांनी! लिंड आदल्याच वर्षी वारला होता.

आता 'साहेब लोक मठ्ठ' असं म्हणून मोकळं होता येईल. पण दोष थोडा लिंडचाही आहे. १७५३ च्या त्याच्या जाडजूड पुस्तकात हा प्रयोग जेमतेम काही परिच्छेदांत उरकलाय. वर त्याने शिफारस केली ती रस आटवून साठवण्याची. आटवताना क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. 'सॅलिसबरी'वर तपासली ताजी फळं, सुचवला आटवलेला रस. टेस्ट एका बिल्डवर आणि रिलीज दुसऱ्याच!

दुसरी अडचण खलाशांची. नवं खाणं म्हटलं की त्यांची कुरकुर सुरू. कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीत आंबवलेला कोबी नेला होता. खलाशी तोंड लावेनात. कुकने सक्ती केली नाही. कोबी रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडला आणि खलाशांना सांगितलं, हवा तर घ्या, नको तर नको. आठवड्याच्या आत कोबी मोजून वाटायची वेळ आली! (स्कर्व्हीवर तो कोबी लिंबाइतका गुणकारी नव्हता, ते सोडा. माणसं ओळखली होती पठ्ठ्याने.)

शेवटी १७९४ मध्ये 'सफोक' हे जहाज वाटेत कुठेही न थांबता २३ आठवड्यांनी मद्रासला पोचलं. लिंबाचा रस आणि साखर खलाशांच्या रोजच्या ग्रॉगमध्ये, म्हणजे पाणी घातलेल्या रममध्येच मिसळलेली. मग कशाला कोण नाही म्हणतंय? स्कर्व्हीने एकही माणूस दगावला नाही. पुढच्या वर्षी निर्णय झाला.

गोष्ट इथे संपती तर बरं होतं. पण १८६० च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडचं लिंबू सोडून वेस्ट इंडीजचं लाइम घेतलं. आंबट ते आंबटच, असा हिशोब. त्यात क जीवनसत्त्व बरंच कमी. १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा हजर!

म्हणून मला वाटतं, प्रयोग करणं हा सोपा भाग आहे. अवघड तीन गोष्टी: उत्तर आलं की वागणं बदलणं, जे तपासलं तेच वापरणं आणि वापरणाऱ्याला ते गळी उतरेल असं देणं. पुढच्या टेस्टच्या आधी मी एकच ओळ मेलमध्ये टाकणार आहे: 'कुठलं उत्तर आलं तर आपण काय बदलू?' साहेबांचा रिप्लाय आधी, टेस्ट नंतर.

बघू. ४८ वर्षं तरी नाही लागणार, अशी आशा :)