खेळाडूंची निद्रा व निद्राविकार

व्यावसायिक खेळाडूंच्या अपुऱ्या झोपेचे मुख्य कारण त्यांच्या शिस्तीत नव्हे, स्पर्धांच्या वेळापत्रकात शोधावे लागते. नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 रोजी झालेला महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला. भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले तेव्हा मध्यरात्र झाली होती. अशा रात्री प्रखर दिव्यांमुळे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते, श्रमाने शरीर तापलेले असते, आणि सामन्यापूर्वी घेतलेल्या कॅफीनचा जवळपास निम्मा अंश पाच तासांनीही शरीरात उरतो. दमलेल्याला झोप लागतेच, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही: स्नायू थकले तरी मेंदू उत्तेजित असतो.

एका जागरणाने कमाल ताकद फारशी घटत नाही, हे खरे. मात्र झोपेची तूट साचत गेली की प्रतिसादाचा वेग व निर्णयशक्ती मंदावते, आणि फलंदाजीत निर्णयाला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2011च्या अभ्यासात 11 बास्केटबॉलपटूंनी पाच ते सात आठवडे झोप वाढवली, तेव्हा त्यांची फ्री थ्रोची अचूकता 9 टक्के सुधारली. तुलनागट नसल्याने हा पुरावा निर्णायक नाही, पण दिशा स्पष्ट आहे. दुपारची छोटी डुलकी काही तूट भरून काढते. घोरणे व झोपेत श्वास अडणे यांसाठी मात्र वैद्यकीय तपासणीच लागते.