पहिल्या ट्रायथलॉनसाठी सायकल कोणती घ्यावी? कमी बजेटमध्ये निवड कशी करायची?

आधी पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचं. तेही एकामागोमाग एक, घड्याळ चालू असताना. या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नाशीत झुरिकची 'आयर्नमॅन' पूर्ण केली आणि आपल्याकडे या शर्यतीची चर्चा सुरू झाली. २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' झाली. आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराच्या या शर्यतीसाठी आता परदेशात जाण्याची गरज उरलेली नाही.

धावायला बूट लागतात, पोहायला गॉगल. मोठा खर्च असतो तो सायकलचा. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात किंवा पार्कसाईटला राहणाऱ्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी ही रक्कम एकदोन पगारांएवढी असते. त्यामुळे सायकल चुकली की पैसे तर जातातच, अनेकदा खेळही सुटतो.

आधी अंतर ठरवा

ट्रायथलॉनचे चार मुख्य प्रकार आहेत:

- स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं
- ऑलिम्पिक: १.५ किमी, ४० किमी, १० किमी
- ७०.३: १.९ किमी, ९० किमी, २१.१ किमी
- आयर्नमॅन: ३.८ किमी, १८० किमी, ४२.२ किमी

पहिली शर्यत स्प्रिंट असेल तर नवी सायकल घ्यायलाच हवी असं नाही. २० किमी अंतर ताशी २० किमी वेगाने तासाभरात होतं. ताशी २५ चा वेग ठेवला तर ४८ मिनिटं लागतात. म्हणजे फरक १२ मिनिटांचा. घरातली चांगल्या स्थितीतली हायब्रिड किंवा मित्राची सायकलही चालते.

७०.३ ची गोष्ट वेगळी. बहुतेक ७०.३ शर्यतींत पोहणं आणि सायकल मिळून साडेपाच तासांत संपवावं लागतं. पोहायला १ तास १० मिनिटं लागली आणि कपडे-बूट बदलण्यात १० मिनिटं गेली, तर ९० किमीसाठी ४ तास १० मिनिटं उरतात. म्हणजे सरासरी वेग ताशी २१.६ किमी हवा. साध्या रोड बाइकवर काही महिने सराव केला तर हा वेग गाठता येतो. त्यासाठी लाखाची सायकल लागत नाही.

ट्रायथलॉन बाइक वेगळी कशी असते?

सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीच्या आसपास सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग २५ वरून ३० वर न्यायचा तर फक्त हवेच्या विरोधासाठी सुमारे पावणेदोन पट ताकद लागते. या विरोधात सायकलपेक्षा माणसाच्या शरीराचा वाटा खूप मोठा असतो.

म्हणून ट्रायथलॉन बाइकवर पुढे दोन लांब दांडे असतात. त्यांना एअरोबार म्हणतात. त्यांवर कोपरं टेकवून, पाठ आडवी करून सायकल चालवायची. सीटची नळीही जास्त उभी असते. रोड बाइकवर तिचा कोन साधारण ७३ अंश असतो, ट्रायथलॉन बाइकवर ७६ ते ७८ किंवा त्याहून जास्त. त्यामुळे वाकूनही कंबर फार दुमडत नाही.

अडचण सुरू होते ती रस्त्यावर. एअरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात आणि सायकल वळवणंही कठीण जातं. मोकळ्या, बंद केलेल्या रस्त्यावर हे ठीक. विक्रोळीतून सराव करणाऱ्याला मात्र पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड, ऐरोली पूल आणि पुढे पाम बीच रोड, किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, असं जावं लागतं. मध्येच थांबणारी बस, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, पावसाळ्यातले खड्डे, यांतलं काही समोर आलं तर क्षणात ब्रेक दाबता आला पाहिजे.

शर्यत एकच दिवस असते, सराव सहा महिने. म्हणून सायकल सरावाच्या रस्त्याला शोभणारी हवी, आणि पहिल्या वर्षी ती म्हणजे रोड बाइक. पुढे हवं तर तिला वेगळे मिळणारे एअरोबार लावता येतात. तेही आधी मोकळ्या रस्त्यावर सवय झाल्यावरच.

दुकानात काय पाहायचं?

माप: हे सगळ्यात महत्त्वाचं. सवलतीत मिळते म्हणून मोठ्या किंवा लहान मापाची सायकल घेऊ नये. पाठ, मान आणि गुडघे त्याची किंमत मोजतात. सीटच्या उंचीचा एक जुना हिशेब आहे: पायाची आतल्या बाजूची लांबी गुणिले ०.८८३. ही लांबी ८० सेंमी असेल, तर क्रँक ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून (बॉटम ब्रॅकेट) सीटच्या वरच्या टोकापर्यंत सुमारे ७०.६ सेंमी अंतर हवं. ही फक्त सुरुवात, पुढे थोडं वरखाली करून बघावं.

गिअर: शिमानोच्या रोड गिअरमध्ये क्लॅरिस ८ स्पीडचा, सोरा ९ चा आणि टियाग्रा १० चा. पहिल्या सायकलला क्लॅरिस पुरतो.

टायर: बारीक टायर म्हणजे जास्त वेग, हा समज जुना झाला. मुंबईच्या रस्त्यांसाठी २८ मिमीचा टायर बरा. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का, हे आधी विचारावं.

फ्रेम: अॅल्युमिनियम पुरेसं आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असाल तर दुकानातच सायकल उचलून बघा. ती रोज खांद्यावरून न्यायची आहे.

जुनी सायकल घ्यावी का?

पैसे वाचवण्याचा हा चांगला मार्ग आहे. पण सोबत जाणकार मेकॅनिक हवा. कार्बन फ्रेमची भेग वरच्या रंगाखाली लपू शकते, आणि अशी फ्रेम चालवताना अचानक तुटण्याचा धोका असतो. त्यामुळे पहिल्यांदा जुनी घेताना अॅल्युमिनियमची घेणं सुरक्षित. चेन, कॅसेट, टायर आणि ब्रेक पॅड बदलावे लागतील का ते पाहून तो खर्च भावात धरावा. मूळ बिलही मागावं, म्हणजे चोरीची सायकल गळ्यात पडणार नाही.

५० हजारांचं बजेट कसं वाटायचं?

सगळे पैसे सायकलवर घालवू नयेत. एक ढोबळ वाटणी अशी:

- रोड बाइक: ३८ हजार
- हेल्मेट: २,५०० रुपये
- पुढचे-मागचे दिवे आणि कुलूप: २,५०० रुपये
- पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान: १,५०० रुपये
- पॅडिंगची शॉर्ट: १,५०० रुपये
- माप बसवून घेणं आणि पहिली सर्व्हिसिंग: ४ हजार

या यादीत क्लिप पेडल आणि खास बूट नाहीत. पहिली शर्यत साध्या पेडलवर, धावायच्या बुटांत करता येते. सायकलवरून उतरल्यावर बूट बदलण्याचा वेळही वाचतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे बिलावर कराचा दर तपासून घ्यावा.

शर्यतीचे नियम विसरू नका

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढता येत नाही. हँडलच्या टोकांना बूच हवंच, उघडी नळी पडल्यावर शरीरात घुसू शकते. आयर्नमॅनच्या शर्यतींत हौशी स्पर्धकांना पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर राखावं लागतं. पुढच्याच्या आडोशाने हवा चुकवली तर वेळेचा दंड बसतो. काही शर्यतींत मात्र असा आडोसा घ्यायला परवानगी असते. तिथे ट्रायथलॉन बाइक आणि लांब एअरोबार चालत नाहीत, साधी रोड बाइकच लागते. म्हणून खरेदीआधी आपल्या शर्यतीची नियमावली वाचावी.

ट्रायथलॉन बाइकचा विचार दोनतीन शर्यती झाल्यावर करता येईल. तोवर आपल्याला हा खेळ किती आवडतो आणि आपण कुठे मागे पडतो, ते कळलेलं असतं. अनेकांच्या बाबतीत मागे पडण्याचं कारण सायकल नसून पोहणं असतं, आणि ते सुधारायला तलावाची फी पुरते.