रक्त, मूत्र आणि ‘नियम जी’ : अमेरिकन रेल्वेतील अमली पदार्थ चाचणीचा इतिहास

प्रस्तावना

कामगार कामावर असताना नशेच्या अमलाखाली होता काय, हा एक प्रश्न आहे. त्याने मागील काही दिवसांत कधीतरी नशा केली होती काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा संबंध कामाच्या सुरक्षिततेशी येतो, तर दुसरा कामगाराच्या घरापर्यंत, त्याच्या सुट्टीच्या दिवसापर्यंत पोहोचतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पहिल्या प्रश्नाची जागा दुसऱ्या प्रश्नाने कशी घेतली, याचा शोध रेल्वेच्या उदाहरणाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या स्थित्यंतरात रक्तचाचणी मागे पडून मूत्रचाचणी पुढे येणे ही केवळ तांत्रिक बाब नव्हती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रेल्वेचा नियम आणि रक्ताचा पर्याय

अमेरिकन रेल्वे कंपन्यांमध्ये ‘नियम जी’ या नावाने ओळखला जाणारा मद्यबंदीचा नियम दीर्घकाळ प्रचलित होता. कामावर असताना मद्य बाळगणे वा घेणे त्यानुसार निषिद्ध होते. परंतु त्याची अंमलबजावणी पर्यवेक्षकाच्या डोळ्यांवर आणि नाकावर अवलंबून असे. १९७२ ते १९८३ या काळात मद्य वा अमली पदार्थांचा संबंध असलेले किमान २१ गंभीर रेल्वे अपघात झाले व त्यांत २५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, असे संघीय रेल्वे प्रशासनाने नोंदविले. या पार्श्वभूमीवर प्रशासनाने १९८५ मध्ये नवे नियम प्रसिद्ध केले. मोठ्या अपघातानंतर संबंधित कर्मचाऱ्यांचे रक्त व मूत्र दोन्ही घेणे बंधनकारक झाले. विशिष्ट नियमभंग झाल्यास श्वास व मूत्र यांची चाचणी घेण्याची मुभा कंपन्यांना मिळाली.

रक्त कशासाठी, याचे उत्तर प्रशासनापाशी स्पष्ट होते. पदार्थ शरीरात आहे एवढेच नव्हे, तर त्याचा परिणाम त्या क्षणी होत आहे काय, याचा काही अंदाज रक्तावरून बांधता येतो. मद्याच्या बाबतीत तर रक्तातील प्रमाण व कार्यक्षमतेतील घट यांचा संबंध बराच सुस्थापित आहे. मूत्रात आढळतात ते मुख्यत्वे शरीराने पदार्थाचे विघटन केल्यानंतरचे अवशेष. गांजाचे अवशेष तर, विशेषतः नियमित सेवन करणाऱ्यांच्या मूत्रात, अमल उतरल्यानंतरही दिवसेंदिवस, प्रसंगी काही आठवडे सापडू शकतात. अर्थात रक्तातील गांजाच्या प्रमाणावरूनही नशेची पातळी मद्याइतक्या खात्रीने सांगता येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

हा फरक नियमकर्त्यांना पूर्णतः ठाऊक होता, याचा पुरावा नियमातच सापडतो. मूत्रचाचणीच्या आधारे शिस्तभंगाची कारवाई करावयाची असल्यास कर्मचाऱ्यास स्वतंत्र वैद्यकीय केंद्रात रक्त देण्याची संधी द्यावी, अशी तरतूद होती. ही तरतूद वरकरणी कामगाराच्या हिताची दिसते. मात्र कर्मचाऱ्याने रक्त देण्यास नकार दिल्यास, केवळ मूत्रातील अवशेषांवरून तो कामाच्या वेळी नशेत होता, असे गृहीत धरण्याचा अधिकार कंपनीस होता. भक्कम पुरावा देऊन ते गृहीतक खोडून काढणे मग कर्मचाऱ्याकडे आले. म्हणजे निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी त्याने आपल्या हाताची शीर पुढे करावी, अशी ही रचना होती.

न्यायालयाची भूमिका

रेल्वे कर्मचारी संघटनांनी या नियमांना आव्हान दिले. अमेरिकेत रक्त घेण्यासंबंधीचा पायाभूत निवाडा १९६६ चा, श्मर्बर विरुद्ध कॅलिफोर्निया हा होय. त्या खटल्यात वाहनचालकाच्या तोंडास मद्याचा वास येत होता, म्हणजे त्या व्यक्तीविषयी संशयास ठोस कारण होते. वॉरंटविना रक्त घेण्यास मान्यता देणारा तो बहुमताचा निकाल न्या. ब्रेनन यांनी लिहिला होता. २१ मार्च १९८९ रोजी, स्किनर विरुद्ध रेल्वे लेबर एक्झिक्युटिव्ह्ज असोसिएशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रेल्वेचे नियम वैध ठरविले. रक्त व मूत्र घेणे ही चौथ्या घटनादुरुस्तीच्या अर्थाने झडतीच होय, मूत्रावरून अपस्मार, मधुमेह, गर्भावस्था यांसारख्या खाजगी बाबीही कळू शकतात, हे न्या. केनेडी यांनी मान्य केले. तथापि सुरक्षिततेच्या विशेष गरजेपुढे व्यक्तिगत संशयाची अट त्यांनी आवश्यक मानली नाही. न्या. मार्शल यांनी कठोर भिन्नमत नोंदविले व दुसऱ्या महायुद्धातील स्थानबद्धता छावण्यांच्या खटल्यांची आठवण करून दिली. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले एकमेव न्यायाधीश ब्रेनन होते, ही बाब बोलकी आहे.

प्रयोगशाळा आणि वाढता आवाका

४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधील चेस येथे कॉनरेलची इंजिने ॲमट्रॅकच्या प्रवासी गाडीच्या मार्गात आली व १६ जणांचा बळी गेला. इंजिनचालक व त्याचा सहकारी यांनी गांजा घेतल्याचे निष्पन्न झाल्याने लोकमत चाचण्यांच्या बाजूने झुकले. त्याच वर्षी दुसरे एक प्रकरण उघडकीस आले, ज्याची चर्चा मानाने कमी होते. रेल्वे अपघातांतील नमुने ओक्लाहोमा सिटी येथील संघीय विमानवाहतूक प्रशासनाच्या प्रयोगशाळेत तपासले जात. तेथील प्रमुखाने काही रक्तचाचण्यांचे अहवाल चाचणी न करताच दिले होते; त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

दरम्यान, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या १५ सप्टेंबर १९८६ च्या आदेशाने संघीय कर्मचाऱ्यांना कामावर असताना आणि कामावर नसतानाही अमली पदार्थ वर्ज्य केले. घराचा उंबरठा येथे अधिकृतपणे ओलांडला गेला. एप्रिल १९८८ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी मूत्र हाच प्रमाणित नमुना ठरविला. प्रमाणित प्रयोगशाळा, दुहेरी तपासणी, नमुन्याच्या ताब्याची सलग नोंद हे उपायही आणले. तरीही खसखस खाल्लेल्या व्यक्तीच्या मूत्रात अफूवर्गीय अंश सापडत. अनारशांना खसखस लावणाऱ्या आपल्या समाजास याचे नवल वाटू नये! अखेर १९९८ मध्ये ती मर्यादा प्रति मिलिलिटर ३०० वरून २००० नॅनोग्रॅम करावी लागली. १९९१ च्या कायद्याने वाहतूक क्षेत्रातील चाचण्यांचा विस्तार झाला, तो ट्रकचालकांपर्यंत.

भारतात ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी यादृच्छिक अमली पदार्थ चाचणी लागू झाली. येथेही नमुना मूत्राचाच घेतला जातो. मद्याच्या बाबतीत मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये मोजमाप १०० मिलिलिटर रक्तातील ३० मिलिग्रॅम मद्याचे आहे.