सरोवरांतील चुनखडकांचे अदृश्य कर्ते

फ्रान्सच्या मध्यभागी, ओव्हेर्न्यच्या ज्वालामुखी डोंगरांच्या पायथ्याशी, लिमान्य नावाचा जो सपाट व सुपीक प्रदेश पसरलेला आहे, तेथील चुनखडकाच्या खाणींतून एक असा चमत्कारिक दगड निघतो, की ज्याचा कर्ता कोण याचा निवाडा व्हावयास भूशास्त्रास शंभराहून अधिक वर्षे लागली. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात उथळ सरोवरे होती. त्यांच्या काठी साचलेला हा दगड फोडून पाहावा, तर आत दोनतीन सेंटिमीटर लांबीच्या नळ्या एकमेकींस चिकटून दाटीने बसलेल्या आढळतात. आणि भिंग लावून एखादी नळी न्याहाळली, तर तिचे सारे अंग इवल्या गोगलगायींच्या शंखांनी मढवलेले दिसते. ही कारागिरी कॅडिस नावाच्या कीटकाच्या पाण्यात राहणाऱ्या अळीची. ही अळी तोंडातून रेशमी धागा काढते, त्यावर हाताशी येईल ते वाळूचे कण व शंख चिकटवते आणि त्या नळीतच आपला संसार करते.

बॉस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने साँ-जेराँ-ल-प्वी येथील या नळ्यांचे वर्णन १८०५ साली प्रसिद्ध केले. पुढे १८२८ मध्ये चार्ल्स लायेल आणि रॉडरिक मर्चिसन हे दोघे, मर्चिसनच्या पत्नीसह, ओव्हेर्न्यच्या पाहणीस गेले. आणि लायेलने आपल्या भूशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथात, एखाद्या नळीभोवती कधीकधी शंभरेक शंख असतात, असे मोठ्या कौतुकाने नमूद केले. त्याचे कौतुक अनाठायी नव्हते. पण रेशमाची नळी ती किती टिकणार? ती कुजून जाण्याच्या आत तिला चुन्याने जखडून, तिच्यावर पुटामागून पूट चढवून, तिचे घुमटाकार ढिगारे कोणी उभे केले, हा प्रश्न मात्र दप्तरी दाखल झाला नाही. नळ्यांच्या मधून व वरून गेलेली ती कागदासारखी पातळ पुटे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती; परंतु ज्याला हातपाय आहेत त्याच्याच नावावर काम मांडण्याची मनुष्याची जुनी खोड येथेही आड आली, असे मला वाटते.

या प्रकरणातील पहिला निर्णायक पुरावा अगदी वेगळ्या ठिकाणी हाती आला. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात कॅनंडैग्वा नावाचे सरोवर आहे. तेथील एका बेटाच्या काठी चुन्याचे चपटे, गोलसर खडे विपुल सापडतात आणि लोक त्यांना पाण्यातली बिस्किटे म्हणतात. जॉन क्लार्क या भूशास्त्रज्ञाने १९०० साली त्यांचे वर्णन केले. असा खडा सौम्य आम्लात टाकला, की चुना फसफसून विरघळून जातो. पण पात्र रिकामे राहत नाही. खड्याच्याच आकाराचा, मऊ, स्पंजासारखा एक गोळा मागे उरतो, आणि तो असतो शैवालतंतूंचा. दगडाच्या अंगी सजीवाचा इतका सरळ दाखला क्वचितच मिळतो.

मात्र हा दाखला चालू काळातील दगडाचा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकात तंतू कुजून गेलेले, आणि उरलेली केवळ पुटे. त्या पुटांवरून कर्त्याचे अनुमान करण्याचे धाडस ड्रेस्डेन येथील प्राध्यापक एर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये केले. जर्मनीत हार्ट्झ पर्वताच्या उत्तरेस, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या तांबड्या वालुकाश्मांच्या थरांत, माशाच्या गाबोळीसारखा दाणेदार चुनखडक सापडतो. ब्राउनश्वाइग शहरातील जुनी चर्चे याच दगडाने बांधलेली आहेत, आणि त्यासाठी लागणारी खाण शहरालगतच होती. या दाणेदार खडकाच्या सोबतीने येणाऱ्या, पुटापुटांनी वाढलेल्या गाठींचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, अत्यंत साध्या वनस्पतिसदृश जीवांनी या घडवल्या, असे काल्कोव्स्कींनी प्रतिपादिले. त्यांनी दिलेले स्ट्रोमॅटोलाइट हे नाव आज जगभर समुद्रातील खडकांनाही लावले जाते. पण ज्या खडकांवरून ते पडले, ते मुळात एका विस्तीर्ण, खंडांतर्गत सरोवराच्या गाळाचे, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. काल्कोव्स्कींचे म्हणणे विद्वानांनी लगेच कबूल केले, असे मुळीच नाही. १९२९ मध्ये विल्मट ब्रॅडली यांनी अमेरिकेतील ग्रीन रिव्हर थरांतील शैवालनिर्मित चुनखडकांचा तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि मग या बाजूचे वजन वाढले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्या वायोमिंगच्या सरोवरांत बुडालेल्या झाडांच्या ओंडक्यांभोवतीही चुन्याची वलये चढली. लाकूड पुढे नाहीसे झाले, तरी त्याच्या आकाराचे पोकळ दगडी कवच राहिले.

ज्यांना त्या काळी शैवाल म्हणत, त्यांतील नीलहरित गट आता जीवाणूंतच गणला जातो. हे जीव सूर्यप्रकाशात अन्न तयार करताना पाण्यातील कर्बद्विप्राणिल वायू शोषून घेतात; त्यामुळे पाण्याची आम्लता घटते आणि विरघळलेला चुना स्फटिकरूपाने बाहेर पडू लागतो. येथवरची हकीकत पाठ्यपुस्तकांतही आढळते. प्रत्यक्षातला व्यवहार याहून गुंतागुंतीचा आहे. हे जीवाणू स्वतःभोवती जो चिकट स्राव सोडतात, तो प्रारंभी पाण्यातील कॅल्शियम स्वतःशीच बांधून ठेवतो, म्हणजे स्फटिक बनण्यास उलट अडथळाच करतो. पुढे या जीवाणूंची व स्रावाची मिळून जी चटई बनते, तिच्या खालच्या, प्राणवायूविरहित थरांत राहणारे दुसरे जीवाणू तो स्राव खाऊन टाकतात, तेव्हा कॅल्शियम मोकळे होते आणि चुना साचतो. एकाने मांडावे आणि दुसऱ्याने मोडावे, तेव्हा कोठे पूट बसते. लिमान्यच्या रेशमी नळ्या या चटईला बूड धरण्यासाठी आयत्या मिळाल्या, आणि अळ्यांनाही पुढच्या पिढीची नळी बांधावयास टणक जागा मिळाली.

एकदा सूक्ष्मजीवांच्या नावावर कर्तृत्वाची सनद झाल्यावर मात्र गाडी उलट दिशेला धावू लागली, आणि सरोवरातील पुटापुटांचा कोणताही चुनखडक दिसला, की तो त्यांचाच, असा शेरा मारण्याची वहिवाट पडली. २००६ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे दोन किलोमीटर पाण्याखाली आणि त्याखालच्या मिठाच्या प्रचंड थराखाली, तुपी नावाचे विशाल तेलक्षेत्र सापडले. तेथील तेल अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वीच्या अल्कधर्मी सरोवरांच्या चुनखडकात साठलेले आहे. त्या खडकातील झुडपांच्या आकाराचे स्फटिकगुच्छ प्रथम सूक्ष्मजीवांचेच मानले गेले. परंतु २०१५ मध्ये राइट आणि बार्नेट यांनी अशी कैफियत मांडली, की त्या पाण्याचे रसायनच इतके तीव्र होते, की जीवांच्या मदतीवाचूनही असे गुच्छ वाढू शकले असते, आणि त्यांच्यामधली पोकळी तेथे आधी भरलेली मॅग्नेशियमयुक्त चिकणमाती विरघळून गेल्याने पडली. वाद केवळ विद्वत्तेचा असता, तर दोन्ही पक्ष आपापल्या परिषदांत सुखाने नांदले असते. पण तेल राहते ते पोकळीत, आणि ती पोकळी कोठे सापडेल याचा अंदाज, खडक कोणी घडवला या उत्तरावर अवलंबून असल्याने, आता तेलकंपन्यांचे अभियंतेही या दाव्यात पक्षकार झाले आहेत.