तांबड्या दगडातली जक्कव्वे

आपल्या कोगनोळी-निपाणीकडचा दगड काळा. जातं, पाटा, उंबरा, सगळं त्याच काळ्या कातळाचं. बदामीला उतरलं की दगड एकदम तांबडा होतो. हा लाव्हाचा नव्हे, वाळूचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्यानं आणून टाकलेली वाळू थरावर थर बसून घट्ट झाली, आणि पुढं ऊन, वारा, पाऊस यांनीच ती कोरली. अगस्त्य तलावाच्या उत्तरेकडचा किल्ला चालत चढला की हे दिसतं. दोन्हीकडं उभे कडे, मधून अरुंद वाट, आणि कड्यांवर आडव्या रेघा, चिरोट्याचे पदर सुटावेत तशा. या कड्यांच्या भरवशावरच पहिल्या पुलकेशीनं इ. स. 543 मध्ये इथं किल्ला उभारला. तसा लेख कड्यावरच आहे.

लेणी समोरच्या डोंगरात. काळ्या कातळापेक्षा हा दगड छिन्नीला लवकर वश होतो. पहिलं लेणं शिवाचं, दुसरं-तिसरं विष्णूचं. तिसऱ्यात मंगलेशाचा इ. स. 578 चा लेख आहे. सगळ्यात लहान, चौथं आपलं. यात्रेतल्या बायका बहुधा तिसऱ्यापाशीच गुडघे धरून बसतात. बसू नका, पुढं चला. तिथं पार्श्वनाथ आहेत, वेलींनी वेढलेला बाहुबली आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराहून हा बाहुबली जुना.

पण मला सांगायचंय ते गाभाऱ्यातलं. महावीरांच्या बैठकीवर बाराव्या शतकातला कन्नड लेख आहे, जक्कव्वे नावाच्या एका बाईच्या मरणाची नोंद. जवळच ऐहोळेला मेगुती टेकडीवर रविकीर्तीनं इ. स. 634 मध्ये जिनालय बांधलं आणि लेखात स्वतःला कालिदास-भारवींच्या पंक्तीला बसवलं. तो इतिहासाच्या पुस्तकात गेला. जक्कव्वेच्या वाट्याला एक बैठक आली. आपल्या आज्यांची नावं तरी कुठं उरलीत? पितळी भांड्यांवर घातलेली, तीही घासून घासून पुसट झालेली.

बाहेरच्या खडकावर लोकांनी खिळ्यानं नावं खरडलीत, ती बघून जीव तुटतो. आपलीही सवय मूर्तीच्या पायाला हात लावायची. इथं लांबूनच हात जोडा. वाळूच ती, हातानंही झिजते. आणि सोबत शाळेत कन्नड शिकणारी एखादी नात घ्या. लिपी जुनी आहे, पण एखाददुसरं अक्षर तिला लागेल.